'बॉरोअर्स'वरचे सिनेमे पुस्तकापेक्षा इतके वेगळे का?

तुमचा प्रश्न असा : मुलीला आधी जिब्ली या जपानी स्टुडिओचा अ‍ॅनिमेशनपट 'अरिएटी' दाखवला, मग मेरी नॉर्टनचं 'द बॉरोअर्स' वाचायला घेतलं, तर सुरुवातीलाच एक वयस्क बाई आणि एक मुलगी बोलत बसलेल्या. सिनेमात या दोघी कुठे गेल्या?

त्यांना वगळलं, कारण त्यांचं काम कॅमेऱ्याला जमत नाही.

१९५२च्या त्या पुस्तकात फरशीखाली राहून माणसांच्या वस्तू 'उसन्या' नेणाऱ्या बुटक्यांची, म्हणजे बॉरोअर्सची, गोष्ट आपल्यापर्यंत सांगोवांगी येते. त्या वयस्क बाई, मिसेस मे, त्या मुलीला, केटला, सांगतात, आणि त्यांना ती सांगितली त्यांच्या भावाने. हा मुलगा भारतात वाढलेला. आजारपणानंतर इंग्लंडात एका म्हाताऱ्या नातलग बाईंच्या घरी राहायला आलेला. दोन भाषांत वाढल्यामुळे त्याला वाचताना अडखळायला होतं, म्हणून बुटक्यांची टीचभर मुलगी अरिएटीच त्याला पुस्तकं वाचून दाखवते. (आपल्या घरांतली निम्मी पोरं याच अवस्थेत असल्यामुळे मला तो फार जवळचा वाटतो.) शेवटी अरिएटीची वही सापडते, तेव्हा मिसेस मे सहज बोलून जातात की तिचा इंग्रजी 'ई' आणि भावाचा 'ई' अगदी एकसारखा होता. म्हणजे सगळं त्यानेच रचलेलं? पुस्तक उत्तर देत नाही. घरातली म्हातारी तर अरिएटीच्या बापाला, पॉडला, प्रत्यक्ष पाहते. पण तो आपल्या मद्याच्या सुरईतूनच बाहेर येतो, अशी तिची खात्री!

आता पडद्यावर चार बोटं उंचीची माणसं चालताना दिसली की हा संशय तिथेच संपला. त्याच्या जागी दुसरं काहीतरी आणावं लागतं, आणि ते काय आणलं यावरून तो सिनेमा कसा आहे ते कळतं.

१९९७च्या इंग्रजी सिनेमाने खलनायक आणला : जॉन गुडमनने केलेला वकील, दडवलेलं मृत्युपत्र, घर पाडायचा बेत, आणि मग पळापळ. भाचा खदखदून हसला. मला मात्र ते बुटके कार्टूनमधल्या उंदरांसारखे वाटले. पळणं सोडून त्यांना स्वतःचं आयुष्यच नाही.

जिब्लीने २०१०मध्ये वेगळी वाट धरली. पटकथेत जिब्लीचे नामवंत दिग्दर्शक मियाझाकी होते, दिग्दर्शन योनेबायाशींचं, त्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. गोष्ट इंग्लंडातून उचलून तोक्योच्या पश्चिमेला कोगानेईत ठेवली. तिथे घरकामाच्या हारूबाई आहेत, त्या बुटक्यांना पकडूही पाहतात, पण सिनेमा त्यांच्या जिवावर उभा नाही. संशयाच्या जागी इथे आलंय आकारमान. अरिएटी बापाबरोबर पहिल्यांदा रात्री साखर आणायला निघते तो प्रसंग हेडफोन लावून बघा. स्वयंपाकघर एखाद्या गुहेसारखं घुमतं. आपल्याला रोज ऐकूही न येणारे आवाज तिच्यासाठी केवढे मोठे असतात! चहा किटलीतून धार धरत नाही, गोळ्यासारखा थेंब पडतो. हे खरं असेल का, हा प्रश्न मनात येईपर्यंत आपण तिच्या उंचीवर जाऊन पोचलेलो असतो.

बाहुलीघराचा बदलही बघण्यासारखा आहे. पुस्तकातला मुलगा तिथलं फर्निचर आणून देतो आणि अरिएटीची आई, होमिली, हरखून जाते. आणखी हवं, आणखी हवं करता करता बिंग फुटतं. सिनेमातला मुलगा, त्याचं नाव शो, प्रेमापोटीच वरून फरशी उचकटतो आणि बाहुलीघराचं स्वयंपाकघर खाली बसवतो. होमिलीच्या दृष्टीने हा भूकंपच. मोठ्याने केलेला उपकारही लहानाचं घर मोडू शकतो, हे मूळ पुस्तकात इतक्या धारेने आलेलं नाही. इथे मी बेलाशक सिनेमाच्या बाजूने आहे.

एक सुचवतो. मुलीला पुन्हा दाखवाल तेव्हा जपानी आवाजातलाच दाखवा, खाली सबटायटल लावून. अमेरिकन डबिंगमध्ये शेवटी त्या मुलाच्या तोंडी जादा निवेदन घातलंय. मूळ सिनेमात अरिएटी नदीवरून निघून जाते आणि गोष्ट तिथेच थांबते. आणि पुस्तकातल्या त्या 'ई'बद्दल तिला आधी सांगू नका. तुमची मजा मी घालवलीच आहे, तिची राहू दे.