पियानो, दोन बेस ड्रम आणि मानेचा पट्टा: ‘एक्स जपान’बद्दल तुमचे प्रश्न

माझी मुलगी ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी कार्टून मालिकेची वेडी. त्यातल्या एका शीर्षकगीतामुळे ती योशिकी नावाच्या संगीतकारापर्यंत पोहोचली आणि आता घरात दिवसभर त्याचा जपानी रॉक बँड ‘एक्स जपान’ सुरू असतो. मला सगळा गोंगाटच वाटतो. तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत, एवढ्यापुरतं काय ऐकू? (नाशिक)

ते गाणं ‘रेड स्वान’, २०१८ चं. ते एक्स जपानचं नाही, योशिकीने हाइड या गायकाबरोबर केलेलं आहे. एक्स जपानचा गिटारवादक हिदे, तो निराळा. रोमन लिपीत दोन्ही नावं जवळजवळ सारखीच दिसत असल्याने घोळ होतो. मुलीसमोर एवढा फरक सांगितलात तरी तुमचा भाव वधारेल.

योशिकी आणि गायक तोशी हे चिबा प्रांतातल्या तातेयामा या समुद्रकाठच्या गावातले बालमित्र. १९८२ मध्ये, शाळेत असतानाच, त्यांनी ‘एक्स’ हा बँड काढला. योशिकी चार वर्षांचा असल्यापासून पियानो शिकत होता. दहा वर्षांचा असताना वडील गेले आणि त्यानंतर तो ड्रम्सकडे वळला. पुढे या दोन्ही वाद्यांवर एकाच माणसाने हक्क सांगितला, आणि या बँडचं वेगळेपण मला तिथेच दिसतं. वेगवान मेटल, म्हणजे दणदणीत जोरकस रॉक, वाजवणारे त्या काळी जपानात कमी नव्हते. पण त्याच गाण्यात एखाद्या बॅलडची, म्हणजे संथ भावगीताची, हळवी चाल बेमालूम बसवणारे हेच.

‘कुरेनाई’पासून सुरुवात करा. आधी गिटारच्या सुट्या सुरांवर तोशी हळू आवाजात गातो. मग गाण्याचं नाव ओरडतो आणि ड्रम्स अक्षरशः सुटतात. तिथे घाबरून बंद करू नका. त्या वेगावर चाललेली चाल गुणगुणून बघा, साधी आणि गोड आहे. जपानात शालेय बेसबॉलच्या कोशिएन स्पर्धेत शाळांची वाद्यवृंद पथकं संघाला चेव आणायला हेच गाणं वाजवतात. त्यानंतर ‘सायलेंट जेलसी’. ‘आर्ट ऑफ लाइफ’ मात्र सवडीने. एकच गाणं २९ मिनिटांचं आहे, लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह, आणि मध्ये कित्येक मिनिटं नुसता पियानो. तोही हळूहळू बिघडत जाणारा, मुद्दाम बेसूर होणारा. पहिल्याच दिवशी तो ऐकलात तर मुलीशी बोलणं होण्याऐवजी भांडण होईल.

हे लोक एवढा मेकअप का करायचे? गाणं कमी पडत होतं म्हणून? (पुणे)

हा आरोप त्यांच्यावर जपानातही झाला. केस फुटभर उंच उभे केलेले, चेहरा रंगवलेला, कपडे राजवाड्यातल्या भुतासारखे. ‘ब्लू ब्लड’ या १९८९ च्या अल्बमवर त्यांनी जे घोषवाक्य छापलं त्यात ‘व्हिज्युअल शॉक’ असे शब्द होते. पुढे या सगळ्या पंथाला ‘व्हिज्युअल केई’ म्हणू लागले, ते त्यावरूनच असं मानतात. यातली बरीचशी नजर हिदेची. त्याने ब्युटीपार्लरच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं.

मला मात्र मेकअपपेक्षा त्यांच्या निर्लज्जपणाचं कौतुक जास्त आहे. आपल्याकडे ‘ताकेशीज कॅसल’मुळे माहीत असलेल्या ताकेशी कितानोच्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमात हे लोक जायचे. एकदा तर एका साध्या खाणावळीत, जेवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पुढ्यात, यांनी पूर्ण अवतारात मेटल वाजवलं. बाकीच्या बँडवाल्यांनी नाकं मुरडली, पण नाव घराघरात गेलं. त्याआधी, १९८६ मध्ये, योशिकीने ‘एक्स्टसी रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली होती. ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ हा पहिला अल्बम १९८८ मध्ये तिथूनच निघाला. सोनीशी करार झाला तो नंतर. आणि गंमत म्हणजे, नव्वदीच्या मध्यापर्यंत बराचसा मेकअप उतरला होता, तरी गर्दी काही कमी झाली नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

‘एक्स’चं ‘एक्स जपान’ कशामुळे झालं? (कोल्हापूर)

लॉस एंजेलिसमध्ये ‘एक्स’ नावाचा पंक बँड आधीपासून होता. १९९२ मध्ये अमेरिकेत उतरायचं ठरलं, न्यूयॉर्कला पत्रकार परिषदही झाली, तेव्हा नावाला देश जोडावा लागला. अमेरिकेतली ती मोहीम पुढे फारशी सरकलीच नाही, नाव मात्र चिकटलं.

मी ढोल-ताशा पथकात आहे. योशिकी मानेला पट्टा बांधून ड्रम्स वाजवताना पाहिला. हा स्टंट आहे की खरंच दुखणं? (पुणे)

खरं दुखणं. त्याचे व्हिडिओ बघशील तर हातांकडे बघू नकोस, पायांकडे बघ. दोन बेस ड्रम आणि दोन्ही पाय अखंड चाललेले, त्यावर हात वेगळंच काही वाजवताहेत. एवढं कमी म्हणून की काय, हा गडी प्रत्येक ठोक्याला मान पुढेमागे फेकतो. शेवटी ड्रम्स उधळून देऊन मंचावर आडवं होणं ही बरीच वर्षं त्याची खूण होती. १९८९ च्या दौऱ्यातच तो कोसळला होता. पुढे २००९, २०१७ आणि २०२४ अशा तीन वेळा मानेच्या शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये तर मणक्यात कृत्रिम चकती बसवली. त्याच्या चाहत्यांत या सोसण्याचं फार कवतिक आहे, मला ते पटत नाही. बरोबर बसण्याची सवय आणि थोडी विश्रांती मिळाली असती तर त्याच्याकडून आणखी दोन-तीन अल्बम ऐकायला मिळाले असते. तुझी पाठ किंवा मान सरावानंतर दुसऱ्या दिवशीही धरत असेल तर मिरवणुकीआधी फिजिओथेरपिस्टला दाखव.

एवढे यशस्वी होते तर फुटले कशाला? आणि हिदेचं नक्की काय झालं? (औरंगाबाद)

तोशीला बाहेर पडायचं होतं. सप्टेंबर १९९७ मध्ये बँड मोडल्याचं जाहीर झालं आणि ३१ डिसेंबरला टोकियो डोममध्ये शेवटचा कार्यक्रम. त्याच रात्री ते एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमातही गायले. पुढची काही वर्षं आपण एका पंथाच्या कह्यात होतो, असं तोशीने स्वतःच नंतर जाहीर सांगितलं.

योशिकी आणि हिदेच्या मनात बँड पुन्हा उभा करायचा होता. पण २ मे १९९८ ला हिदे गेला, वय ३३. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं. अपघात होता, असं त्याच्या सोबत्यांचं म्हणणं. टोकियोतल्या त्सुकिजी होंगान्जी मंदिरात अंत्यसंस्काराला सुमारे ५०,००० लोक लोटले. योशिकी पियानोवर बसला आणि तोशी ‘फॉरेव्हर लव्ह’ गायला. बँड मोडून चार-पाच महिनेच झाले होते. हिदेचं ‘पिंक स्पायडर’ त्याच्या मागे अकरा दिवसांनी बाजारात आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता बँड आहे की नाही? नवा अल्बम येणार का? (ठाणे)

कागदावर आहे. २००७ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २००९ पासून हिदेच्या जागी ‘लूना सी’ या बँडचा गिटारवादक सुगिझो आला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, २०१७ मध्ये लंडनचं वेम्बली अरीना, असे मोठे कार्यक्रम झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये चिबाच्या माकुहारी मेस्से सभागृहातली तिसरी रात्र वादळामुळे रद्द करावी लागली, तर यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवून ते इंटरनेटवर फुकट दाखवलं. गाजलेल्या सुरुवातीच्या काळातला बासवादक ताईजी २०११ मध्ये गेला, त्याच्या जागी आलेला हीथ ऑक्टोबर २०२३ मध्ये. ‘एंजल’ हे गाणं आलं २०२३ मध्ये, पण स्टुडिओत केलेला शेवटचा पूर्ण अल्बम १९९६ चा ‘डालिया’च. नव्याबद्दल योशिकी इतकी वर्षं बोलतोय की मी आता त्याकडे कान देत नाही. तुम्ही ७ जानेवारी १९९२ च्या टोकियो डोम कार्यक्रमाचं चित्रण मिळवा. सलग तीन रात्रींतली ती शेवटची, आणि ताईजीचीही बँडबरोबर शेवटची. हिदेही त्यात आहे.