नाशिकला चांगली मिसळ कुठे मिळते? आणि जादा रश्श्याचे वेगळे पैसे घेणं योग्य आहे का?

"रस्सा म्हणजे नुसतं तिखट पाणी, त्याचे वीस रुपये कसले?" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मी इथे सहसा वाचून गप्प बसते, पण हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही.

सातपूरला कंपन्यांच्या रस्त्यावर माझ्या सासऱ्यांचं मिसळीचं छोटं हॉटेल होतं. रात्रपाळी सुटून येणारे आणि पहिल्या पाळीला जाणारे एकाच बाकावर बसून खायचे. मामंजींचा नियम होता, मिसळ घेतली की रस्सा मागाल तेवढा. नियम त्यांचा, मसाला माझा. आता सांगते त्या पाण्यात काय असतं.

कांदा उभा चिरून कमी तेलावर जवळजवळ काळा होईपर्यंत परतायचा. जळू द्यायचा नाही, आणि तांबूस झाला म्हणून उतरवायचाही नाही. सुकं खोबरं वेगळं भाजायचं. धणे, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, तीळ, खसखस, प्रत्येकाची भाजणी निराळी, कारण एकत्र टाकलं की तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात. लाल मिरची भाजताना सगळी गल्ली खोकते. नाशिकच्या रश्श्याला काळपट रंग येतो तो या भाजण्यातून, बाटलीतून नाही. मग वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, तेव्हा कुठे पाणी. मटकीचं आणखी वेगळं. उन्हाळ्यात रात्री बांधली की सकाळी मोड तयार, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी अशी की फडक्यात बांधून, वर गोधडी घालून चुलीशेजारी ठेवली तरी मोड रुसून बसतात. एक दिवस आधीचा अंदाज चुकला की सकाळी गिऱ्हाईक दारात आणि मटकी टणक.

हे सगळं आमच्या जावईबापूंना, म्हणजे नणंदेच्या यजमानांना, माहीत होतं. त्यांच्यासमोरच व्हायचं. तरी २०१९च्या डिसेंबरात ते रविवारी सकाळी ठाण्याहून मित्रमंडळी घेऊन आले. तुम्हाला आठवत असेल तो महिना, परतीच्या पावसाने कांदा कुजला होता आणि किरकोळीत किलोमागे शंभरच्या वर गेला होता. निर्यातबंदी होती तरी. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, आणि आम्ही मिसळीवर टाकायचा कांदा चिमटीने टाकत होतो. मंडळी पाच, मिसळी मागवल्या तीन. पावाच्या जोड्या मात्र येत राहिल्या आणि प्रत्येक जोडीबरोबर रस्सा. वाढणारा पोरगा दर वेळी वगराळं हातात धरून माझ्याकडे बघायचा, मी मामंजींकडे बघायचे, आणि मामंजी मान हलवायचे, वाढ. साडेनवालाच पातेल्याचा तळ दिसायला लागला. बाहेर बायकामुलं घेऊन आलेली नेहमीची गिऱ्हाइकं उभी. मी आत जाऊन उरलेल्या वाटणात दुसरं पातेलं चढवलं, ते अर्थातच पातळ झालं, आणि त्या दिवशी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले त्यांना पातळ रस्सा मिळाला. हे मला आजही बोचतं.

आणि निघताना जावईबापू गल्ल्यावर म्हणतात कसे, "वहिनी, चेहरा का पाडलाय? रश्शात काय पडतं हो, पाणीच तर आहे!" मित्र हसले.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाटी लावली, जादा रस्सा दहा रुपये वाटी. मामंजींनी ती काढली. म्हणाले, "मागून खाणाऱ्याला दर सांगायचा नसतो." मी परत लावली. आमचे हे दोघांच्या मधे सापडले आणि त्यांनी आमच्याच मिसळीचं नाव टाकलं काही दिवस. शेवटी पहिली वाटी फुकट, पुढची दहा रुपये, यावर मिटलं. एकही कामगार त्यामुळे तुटला नाही. ज्याला हवा तो घ्यायचा आणि पैसे ठेवायचा. आरडाओरडा करणारे सगळे गाडीतून उतरणारे होते. जावईबापू मात्र अजूनही प्रत्येक लग्नात सांगतात की माझ्या सासुरवाडीला पाणीसुद्धा विकत मिळतं. मामंजी गेले, हॉटेलचा गाळा भाड्याने दिला, तरी हा किस्सा काही संपत नाही. वाचत असाल तर वाचा, भाऊजी.

तर तुमचं उत्तर. दरपत्रकावर लिहिलेलं असेल तर जादा रश्श्याचे पैसे घेणं शंभर टक्के योग्य. तुम्ही पदार्थ मागवलात, त्याचा दर दिलात, विषय संपला. तक्रार करायचीच हौस असेल तर सर्व्हिस चार्जची करा. तो परस्पर बिलात लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. पण एसीत बसलं की तो माणूस गुपचूप भरतो, आणि बाकड्यावर बसलेल्याला दहा रुपयांत लूट दिसते.

कुठे खायची? अंबिका पंचवटी कारंजावर, श्यामसुंदर सातपूर गावात, चुलीवरची हवी तर बारदान फाट्याची साधना. तिघांची चव एकमेकींशी जुळत नाही, त्यामुळे "खरी नाशिकची" कोणती हे मला विचारू नका. सकाळी जा. दुपारी बाराला मिसळ शोधत फिरणारा माणूस पाहुणाच असतो. रविवारी बागेतल्या मोठ्या मिसळ हॉटेलांत मुलांना झोके आणि मोठ्यांना नंबर मिळतो, ते चालत असेल तर तिथेही जा, मिसळ वाईट नसते. उभ्या उभ्या खायचं असेल तर पाववडा खा, तो आपल्या नाशिकचा, आणि त्याला रस्सा लागत नाही.

एक मात्र मान्य करते. दारावर "अनलिमिटेड रस्सा" असा फलक लावायचा आणि तिसऱ्या वाटीला वेटरने तोंड वाकडं करायचं, ही लबाडी आहे. तिथे हक्काने मागा, पाचव्यांदा मागा. आणि पहिल्याच वाटीत तवंगाखाली नुसतं गरम पाणी लागलं, तर तुमचं म्हणणं त्या हॉटेलापुरतं बरोबर. तसली हॉटेलं आहेत. २०२५ मध्ये सुकं खोबरं इतकं भडकलं की बऱ्याच जणांनी तिथेच हात आखडला, हे मला चवीवरून कळतं.

मुलांना तिखट झेपत नसेल तर दही आधीच सांगून ठेवा. त्याचेही बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे पडतात. ते द्या.