सिस्टोस्कोपीला पहिल्यांदा जाताय, तर एवढं करा

दादा, सिस्टोस्कोपी म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं. माझी आतापर्यंत चार वेळा झाली आहे, म्हणून हक्काने सांगतो. आधी डॉक्टरांना एकच विचारा: दुर्बीण लवचिक की कडक? लवचिक असेल तर जागेपणी, नुसती बधिर करणारी जेल लावून होते, आणि बहुधा नाश्ता करून जाता येतं. कडक असेल तर बहुतेकदा कमरेत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल देतात. मग उपाशी कधीपासून राहायचं ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या, आणि घरचं कुणीतरी सोबत न्या.

लघवीची तपासणी टाळू नका. जंतुसंसर्ग निघाला तर तारीख पुढे जाते, ते आपल्याच भल्याचं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

जेल आत जाताना गार लागते, थोडं चुरचुरतं. दुर्बिणीची नळी लघवी रोखणाऱ्या स्नायूपाशी आली की आपण नकळत आवळून धरतो, आणि दुखतं ते तिथेच. त्या क्षणी लघवी सोडतोय असं मनात आणा, श्वास हळू सोडा. पुढे पाणी भरलं की जोराची लागल्यासारखं वाटतं. लाजू नका, सगळ्यांना वाटतं. पाच-दहा मिनिटांत उरकतं.

घरी आल्यावर पाणी भरपूर प्या. दोन दिवस जळजळ, लघवीला गुलाबी छटा चालते. पण थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.