गाडीच्या स्क्रीनवर कंपनीच्या जाहिराती येतात, मालक म्हणून आपल्याला काही हक्क आहे का?

तुम्ही विचारलंय की गाडी जुनी व्हायच्या आधीच स्क्रीनवर वॉरंटी वाढवा, ॲक्सेसरी घ्या असलं काहीबाही यायला लागलंय, ते बंद होतं का आणि कंपनीला जाब विचारता येतो का. येतो. पण आधी माझं ऐका, यावरून माझा साडूशी दोन वर्षांपासून वाद चालू आहे.

मला बेस मॉडेल घ्यायचं होतं. साधा रेडिओ, एसीला गोल फिरवायचं बटण, विषय संपला. साडूभाऊ म्हणे अहो मोठा स्क्रीन नसला तर उद्या विकताना गाडीला कोणी विचारणार नाही, तेही सासरी सगळ्यांसमोर म्हणाले, मग काय, 1 लाख 60 हजार जास्तीचे भरून टॉप मॉडेल आणलं. त्यात एसीसुद्धा स्क्रीनमधूनच.

मे महिना, दुपारचे दोन, अमळनेरहून जळगावला येतोय, आई मागे बसलेली. रेल्वे फाटक पडलं, मालगाडी होती, मी इंजिन बंद केलं. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, पाच मिनिटांत स्टेअरिंगला हात लावता येईना. फाटक उघडलं, गाडी चालू केली, एसी लावायला बोट नेलं तर अर्ध्या स्क्रीनवर पाटी, ‘तुमची वॉरंटी लवकरच संपत आहे’, खाली हे एवढं मोठं निळं बटण आणि फुली कुठे तर कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न, बोटाला घाम, फुली दाबायला गेलो आणि दाबलं गेलं ‘मला संपर्क करा’. आई मागून म्हणते, “तुनी गाडी काय म्हनी राह्यनी रे भाऊ?” म्हटलं पैसे मागी राह्यनी.

धरणगाव यायच्या आत पहिला फोन. मग चार दिवस रोज. माझा नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत म्हणणाऱ्यांच्या यादीत आहे म्हटलं तर पोरगी शांतपणे म्हणते, सर तुम्हीच रिक्वेस्ट टाकलीय.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेत जीपच्या काही मालकांना गाडी थांबली की स्क्रीनवर वॉरंटीची जाहिरात दिसायची, बोंबाबोंब झाल्यावर कंपनी म्हणाली सॉफ्टवेअरचा घोळ होता.

आता तुमचं. कंपनीच्या ॲपमध्ये ‘ऑफर’ किंवा ‘मार्केटिंग’ नावाची परवानगी असते, ती डिलिव्हरीच्या दिवशी पेढे खाता खाता आपणच टॅबवर ‘मान्य’ करून दिलेली असते, ती काढा. तरी आलं तर मोबाइलने फोटो काढा, तारखेसकट, आणि ईमेल करा, शोरूमला नाही, कंपनीला. शोरूमवाले नुसतं ‘बघतो साहेब’ म्हणतात. मग 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. सरकारने 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणाऱ्या स्क्रीनवरच्या चलाख्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात 13 प्रकार आहेत, परत परत टोचत राहणं हा त्यातलाच एक. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना, वकीलही लागतोच असं नाही. माझी गाडी 11 लाखांची, म्हणजे फी 400 रुपये. पण दोन वर्षांच्या आत करा.

मी आयोगापर्यंत गेलो नाही हेही सांगतो. दुसऱ्या ईमेलनंतर पाटी यायची बंद झाली, मध्ये एका अपडेटनंतर परत एकदा आली, तिचा फोटो ठेवलाय. आणि हो, त्या सूचनांमध्ये गाडीच्या स्क्रीनचं नाव कुठे नाही, प्लॅटफॉर्म, जाहिरातदार, विक्रेते असं म्हटलंय, तेव्हा कंपनीचा वकील तिथेच खुसपट काढणार. सर्व्हिसची आठवण किंवा रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचा मेसेज म्हणजे जाहिरात नव्हे, रागाच्या भरात तेही बंद करून बसू नका.

गाडी अजून घ्यायची असती तर एकच सांगितलं असतं, एसीला हाताने फिरवायचं बटण असलेली घ्या, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. साडूभाऊंनी मागच्या दिवाळीत मुलासाठी गाडी बुक केली. बेस मॉडेल. का म्हणून विचारलं तर म्हणे, पोरगं नवशिकं आहे, उगाच लक्ष विचलित होतं.