‘मी जड उचललं म्हणून तर नाही ना?’

पाळी चुकते, चाचणीवर दोन रेघा येतात आणि आनंदाच्या पाठोपाठ मागच्या दिवसांचा हिशेब सुरू होतो. कळलं नव्हतं तेव्हा मी काय काय उचललं, किती वेळ उभी राहिले, किती जिने चढले? अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. त्यांतल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती रुग्णसेवेचं काम करायची. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची ड्युटी, अधूनमधून रात्रपाळीही. त्यांना कुशीवर वळवायचं, बसतं करायचं, खुर्चीत घ्यायचं, आंघोळ घालून परत पलंगावर. तिला सहावा आठवडा लागला होता. सासूबाई म्हणत होत्या, काम सोड आणि तीन महिने पडून राहा. पगार बंद झाला तर घरभाडं कुठून द्यायचं, हा नवऱ्याला घोर. ती स्वतः मात्र फक्त मागच्या महिन्याबद्दल बोलत होती. “ताई, मला माहीतच नव्हतं हो. रोज त्यांना कवेत घेऊन उचलत होते. बाळाला काही झालं असेल का?”

थोड्या वेळाने खरं दुखणं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात तिचा गर्भ पडला होता. आदल्या दिवशी तिने पाण्याने भरलेला पिंप सरकवला होता. कारण तेच, असं घरात ठरूनच गेलं. कुणी तिला रागावलं नाही. विषय निघाला की कुणीतरी हळहळायचं, “तेवढं एक केलं नसतंस तर...” एवढंच. ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

म्हणून आजोबांचं वजन, ड्युटीचे तास हे सगळं बाजूला ठेवून आधी त्या पिंपाबद्दल बोललो. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप पडतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भ राहतानाच किंवा त्यानंतरच्या अगदी पहिल्या दिवसांत ठरलेला असतो. आईच्या कामाने तो निर्माण होत नाही. शिवाय अंगावरून रक्त जायला लागतं त्याच्या बरेच दिवस आधीच गर्भाची वाढ थांबलेली असते, असं सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतं. “मग आदल्या दिवशी सरकवलेल्या पिंपाला दोष कसा द्यायचा?” मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. “तेव्हा डॉक्टरांना विचारावंसं वाटलं होतं,” ती म्हणाली. “पण ते हो म्हणाले असते तर?”

हे मी अनेकींकडून ऐकलं आहे. उत्तराची भीती इतकी असते की प्रश्नच विचारला जात नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मग शेजारीपाजारी देऊन टाकतात. गर्भपात झालेल्या बाईसमोर “काय केलं होतंस?” हा प्रश्न कुणीही विचारू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मग आताच्या महिन्याकडे आलो. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्यातले पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो. त्यानंतरही पहिले तीन महिने गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. वाकल्याने, चालल्याने, एखादं ओझं उचलल्याने गर्भ निसटून येत नाही.

पण पुढचे महिने काहीच न बदलता काम चालू ठेवा, असं मी म्हटलं नाही. दिवसभर वारंवार जड उचलणं आणि नेहमीची रात्रपाळी यांमुळे गर्भपाताचा धोका काहीसा वाढत असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. एकेकीच्या बाबतीत ही वाढ लहान असते, तरी जिथे टाळता येईल तिथे टाळावं. दुसरं कारण तिच्या स्वतःच्या शरीराचं. या दिवसांत संप्रेरकांमुळे सांधे सैल होतात, रक्तदाब थोडा उतरतो, एकदम उभं राहिलं की गरगरतं. माणूस हातात असताना चक्कर आली तर दोघंही पडतील.

“कसं उचलता ते दाखवा,” मी म्हटलं. पाय जवळ, कमरेतून वाकलेली, आणि मग आजोबांसकट अख्खा धड फिरवून खुर्चीकडे! तिची कंबर का दुखते ते तिथेच कळलं. एकटीने उचलणं बंद, घरातलं कुणीतरी दुसऱ्या बाजूला हवंच. पलंगावर सरकवायला अंगाखाली जाड चादर. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, वळायचं तर पावलांनी. मध्ये बसणं आणि पाणी पिणं. आजोबांना कर्करोगावरचं औषध चालू असेल तर ते हाताळण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या वेळी सासूबाई सोबत आल्या. त्यांची काळजी खरी होती, म्हणून त्यांच्याशी वाद घातला नाही. पडून राहिल्याने गर्भपात टळतो असं आढळलेलं नाही. उलट फार पडून राहिलं तर स्नायू दुबळे होतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. प्रकृती ठीक असलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. “मग काम चालतंच की,” सासूबाई म्हणाल्या. तसं नाही. व्यायामात दमलं की थांबता येतं, ड्युटीवर थांबता येत नाही. डॉक्टरांनी तपासून काही कारणाने विश्रांती सांगितली असेल तर ती मात्र पाळायचीच. आणि अंगावरून रक्त जायला लागलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी कळ आली किंवा भोवळ आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिला असेल तर तासांचाही फरक पडतो.

अडलं ते शेवटच्या गोष्टीवर. तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचं नाही, असं घरात ठरलेलं. आणि न सांगता ड्युटी बदलून मागायची कशी? मी म्हटलं, सगळ्यांना सांगू नका, ड्युटी लावणाऱ्या एकाच व्यक्तीला सांगा, आणि “जमत नाही” असं मोघम न सांगता नेमकं मागा: रात्रपाळी नको, आणि एकटीने उचलावा लागेल असा रुग्ण नको. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तिने तसं केलं. चालता येणाऱ्या एका आजींची ड्युटी मिळाली. रात्रपाळी लगेच सुटली नाही, बदली बाई मिळेपर्यंत करावी लागली. त्या रात्री नवरा सोबत जायचा आणि आजींना उठवायला हात द्यायचा.