मधुमेह आणि पंगतीतला मसालेभात

प्रश्न : मला ६ वर्षांपासून मधुमेह आहे. तोंडली घातलेला, वर तूप-खोबरे पेरलेला मसालेभात मी कायमचा सोडावा का?

उत्तर : मुळीच सोडू नका, फक्त खाण्याचा क्रम आणि माप बदला. आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ खाऊन मग भाताकडे वळलात, तर तंतू व प्रथिनांमुळे रक्तातील साखर सावकाश चढते. शिजलेल्या १५० ग्रॅम भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणून वाटीभर भात घेतल्यावर पोळी आणि जिलबी नकोच. चिकट शिजणाऱ्या तांदळापेक्षा मोकळा होणारा बासमती बरा. तुपामुळे साखर उशिरापर्यंत वाढत राहू शकते. तेव्हा जेवणानंतर १५ मिनिटे चाला, २ तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि इन्सुलिन घेत असाल तर त्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.