रविवारच्या कॉलमध्ये न आलेल्या बातम्या

प्रश्न : पाच वर्षे कॅनडात ब्रॅम्प्टनला राहून आम्ही जूनमध्ये कायमचे परत आलो. यजमानांची नोकरी ऐरोलीत असल्याने घरही तिथेच घेतले. आई-बाबा ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतीत राहत. ती पुनर्विकासाला गेल्याने ते आता दादा-वहिनींसह माजिवड्याला भाड्याच्या घरात आहेत. एवढे मला माहीत होते, पण आल्यापासून रोज काही ना काही नव्याने कळते आहे. टेबलाच्या खणात विजेचे बिल शोधताना बाबांच्या अँजिओप्लास्टीची फाइल सापडली. त्यांचे वय ७४. दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसवले आणि मला कोणी सांगितले नाही. दादा म्हणतो, "बाबांनीच नको म्हटले." चुलत भावाला भर जेवणात "बायकोला का नाही आणलेस" असे विचारले आणि सगळे गप्प झाले, ती दोघे वर्षभरापूर्वी वेगळी झाली आहेत. आत्याचे यजमान गेले तेव्हा मी फॅमिली ग्रुपवर हात जोडल्याचे चिन्ह टाकले, फोन करायचा राहून गेला, आणि आता दीड वर्षाने कोपरीला तिच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ ते कळत नाही. तिकडे आम्हीही कमी सोसले नाही, मध्ये आठ महिने माझी नोकरी नव्हती, पण ते सांगून इकडे कोणाला त्रास दिला नाही. दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करत होते. तरीही माझ्याच माहेरी मी पाहुणी झाले आहे. दादा-वहिनींना जाब विचारावा का? आणि गेलेल्या पाच वर्षांचे सगळे कसे भरून काढावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आठ महिने नोकरी नव्हती, ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे आणि लगेच रविवारच्या कॉलकडे वळला आहात. मला मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या ओळीतच दिसते. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बाबांनी स्टेंटची गोष्ट झाकून ठेवली आणि त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून तुम्ही नोकरी गेल्याची. तेव्हा जाब विचारण्याचा अधिकार तुम्हाला असलाच, तर तेवढाच तो त्यांनाही आहे, फक्त त्यांना अजून तुमची फाइल सापडलेली नाही.

तुमच्या त्या कॉलचा थोडा विचार करू. ब्रॅम्प्टनला सकाळचे ९ वाजतात तेव्हा ठाण्यात उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे आई बरी साडी नेसून आणि बाबा दाढी करून सोफ्यावर तयार, दादा-वहिनी मागे उभे, मुलांना खोलीतून हाका मारून बोलावलेले, आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रत्येकाने पडद्यासमोर येऊन आपले उत्तम चालले असल्याचे सांगून पुढच्याला जागा करून द्यायची. अशा बैठकीत "परवा छातीत दुखत होते" हे वाक्य कोण उच्चारणार? पाच वर्षे कॉल चुकवला नाही, ही साधी गोष्ट नव्हे, आणि ते श्रेय तुमचेच आहे. परंतु घरातल्या खऱ्या बातम्या बहुधा दुसरेच काहीतरी चालू असताना, भाजी निवडताना, जिना उतरताना किंवा रिक्षाची वाट पाहताना बाहेर येतात, आणि एकमेकांबरोबर तसा रिकामा वेळ घालवणे तुम्हा कोणाच्याच वाट्याला आले नाही.

म्हणून सगळे एकदम भरून काढण्याचा बेत सोडून द्यावा असे मी सुचवेन. सर्वांना एकत्र जमवून "आता मला सगळे सांगा" म्हटले की लोक पुन्हा त्या कॉलसारखेच बोलू लागतात. त्याऐवजी एकेका माणसाबरोबर त्याच्या रोजच्या दिवसात शिरा.

सुरुवात बाबांपासून करा. नौपाडा सुटल्याने त्यांचे केवळ घर सुटलेले नाही. ओळखीचा औषधवाला, वाणी, रस्त्यात थांबवून चौकशी करणारी माणसे, आणि त्या भागातल्या अनेक ज्येष्ठांप्रमाणे ते कचराळी तलावाला फेऱ्या मारायला जात असतील तर तिथली मंडळी, हे सगळेच एका दमात गेले. माजिवडा नकाशावर फार दूर नाही, पण तिथला नाका आणि महामार्गाची वाहतूक पाहता ७४ वर्षांचा, स्टेंट बसवलेला माणूस रोज सकाळी एकट्याने तिकडून इकडे येईल असे मला वाटत नाही. एखाद्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना रिक्षाने कचराळीला घेऊन जा आणि जुन्या मंडळींपैकी कोण भेटते ते पाहा. परतताना, त्यांच्या आजारपणाचा विषय काढण्याआधी, तुमचे ते आठ महिने त्यांना सांगा. घरखर्च कसा भागवला, रात्री झोप येत नसे का, कोणाशी बोलत होता, हे सगळे नीट सांगा. नुसते कळवल्यासारखे करू नका. ते रागावतील, "मला का नाही सांगितलेस" म्हणतील, आणि मग स्टेंटविषयी तुम्हाला काही विचारण्याची गरजही बहुधा उरणार नाही.

त्या फाइलचे एक व्यावहारिक काम मात्र भावनांसाठी थांबवून ठेवू नये. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद आणि सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या, कारण रात्री-अपरात्री निघावे लागले तर ऐरोलीहून तुम्हीच धावणाऱ्यांपैकी एक असाल. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय, अगदी दात काढायचा असला तरी, बंद करायच्या नसतात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. याशिवाय आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्यासाठीचे 'वय वंदना' कार्ड आधार कार्डावर निघते. बाबांचे काढले आहे का ते विचारा, नसेल तर ते काम तुम्ही अंगावर घ्या.

आता दादा-वहिनी. बाबांनी नको म्हटले हे खरे असेलही, तरी तुमच्या दादाची बाजू मला पूर्ण पटत नाही. दवाखान्यातल्या त्या दोन-चार दिवसांत परदेशी असलेल्या बहिणीला कळवले नाही, हे मी समजू शकते; बाबा घरी येऊन हिंडू-फिरू लागल्यानंतरही कळवले नाही, ते चुकलेच. हे त्यांना एकदा, एका वाक्यात, आवाज न चढवता सांगा आणि यापुढे दवाखान्याची कोणतीही गोष्ट त्याच दिवशी सर्वांना कळवायची असे ठरवून घ्या. पण त्याआधी वहिनींना भेटा. जुनी इमारत रिकामी करणे, सामानाची बांधाबांध, भाड्याचे घर शोधणे आणि सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, हे सगळे या पाच वर्षांतच त्या घरावर आले, आणि तुमच्या पत्रात वहिनींचा उल्लेख केवळ जाब विचारण्यापुरता आहे. "काही लागले तर सांग" असे म्हणून सुटू नका, कारण त्यावर कोणतीही वहिनी "काही नाही हो" असेच म्हणते. बाबांची पुढची तपासणी, आईच्या चष्म्याचा नंबर किंवा बिल्डरकडून भाडे वेळेवर जमा होते की नाही हे पाहणे, यांपैकी कोणते काम त्या सोडायला तयार आहेत ते विचारा आणि ते कायमचे तुमच्याकडे घ्या. (सामान हलवताना तुमच्या जुन्या वह्या आणि ट्रॉफ्या कोणी टाकून दिल्या, हा प्रश्न मनात असेल तर तो किमान दिवाळीपर्यंत मनातच ठेवावा.)

तुम्हाला पाहुणी झाल्यासारखे वाटते, यात स्वयंपाकघराचाही हात आहे. तुम्ही येणार म्हणून अळूवड्या तळल्या जातात तोवर तुम्ही पाहुण्याच. मधल्या वारी, चहाच्या वेळेला जा, वाटेत भाजी घ्या, सकाळची आमटी उरली असेल तर तीच वाढून घ्या. तासाभराने कामे मार्गी लागली की उठा. अशा फेऱ्या वाढल्या की तुमच्यासमोर बोलताना कोणी वाक्य अर्धवट सोडणार नाही.

चुलत भावाचे फार मनाला लावून घेऊ नका. त्याला ठाऊक आहे की तुम्हाला ठाऊक नव्हते. "मला माहीत नव्हते, वाईट वाटले, भेटू या" एवढा निरोप पाठवा, आणि भेटल्यावर काय घडले ते न विचारता तो आता कुठे राहतो, जेवणाचे काय करतो, हे विचारा.

उरली आत्या, आणि तिच्याकडे जाणे सर्वांत निकडीचे आहे. फोनवर आधी सगळे बोलून मोकळे होऊ नका. येते आहे एवढेच कळवा आणि एकट्या जा, यजमान व मुले नंतर येतील. ऐरोलीहून ठाणे लोकलने दुसरेच स्टेशन आहे. तुम्ही गेलात तेव्हा मध्ये दिघा गाव हे स्टेशन नव्हते, ते जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. ठाण्याला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की कोपरीच. तिकडून आणलेल्या चॉकलेटांचा मोठा डबा या भेटीला नेऊ नका. गेल्या गेल्या वेळेतला फरक, नोकरीची धावपळ, विमानाची तिकिटे यांपैकी काहीही सांगू नका, कारण प्रत्येक कारणाला "असू दे गं" म्हणण्याचे काम तिच्याच गळ्यात पडते. "काका गेले तेव्हा मी तुला साधा फोन केला नाही, माझे चुकले," एवढे म्हणा आणि थांबा. ती टोमणा मारील कदाचित. तो तिचा हक्क आहे, ऐकून घ्या. मग शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा. दीड वर्षाने कोणी हे विचारत नाही, आठवण निघून तिला त्रास होईल असे सर्वांना वाटते, आणि परिणामी ज्या माणसाबरोबर तिचा संसार झाला त्याचे नावही तिच्यासमोर कोणी घेत नाही. तिला सुरुवातीपासून सगळे सांगू द्या. रडू आवरले नाही तर हरकत नाही, फक्त तुमची समजूत काढण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.

पहिल्या भेटीत ती मोकळी झाली नाही तरी निराश न होता त्याच महिन्यात पुन्हा जा. पहिल्यांदा कर्तव्य म्हणून सगळेच येतात, हे तिलाही माहीत आहे. आणि काका निवृत्तिवेतनधारक होते, आत्याला आता कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, असे असेल तर सर्वसाधारणपणे दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो; त्यासाठी तिच्याबरोबर बँकेत कोण जाते ते विचारा आणि या वर्षी तुम्ही जा.